शेपटीतली गाठ

दर सोमवारी सकाळी साडेआठला मी स्वतःवरच ओरडते. "घ्या, घ्या, पूर्ण आत घ्या! आता फुंका! फुंका! अजून, अजून, अजून!" खोलीत दुसरं कुणी नसतं. नाकाला चिमटा आणि तोंडात पुठ्ठ्याची नळी असल्यामुळे हे सगळं ओरडणं मनातल्या मनात चालतं. तरी माझ्या कानात घुमतो तो आवाज माझा नसतो, काकांचा असतो.

श्वास मोजणारं यंत्र कधी चुकायला लागेल याचा नेम नाही. म्हणून आमच्या कामात एक रीत आहे. आठवड्याच्या सुरुवातीला तीन लिटरच्या जाडजूड सिरिंजने मोजून हवा यंत्रात ढकलायची आणि त्यानंतर तंत्रज्ञाने स्वतः फुंकायचं. सिरिंजची हवा सरळमार्गी असते. माणसाच्या श्वासाला वळणं असतात, आणि ती यंत्राला नीट दिसतात की नाही हे बघायला एक निरोगी, ठरलेला माणूस लागतो. त्याला आम्ही 'कंट्रोल' म्हणतो. दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीची कंट्रोल एकोणीस वर्षं मी आहे. मी बदलत नाही असं धरून बाकी सगळ्यांचं मोजमाप होतं.

तशी मी बदलतेच. वयाबरोबर आकडा दरवर्षी थोडा थोडा उतरतो. पण या सोमवारपासून त्या सोमवारपर्यंत फरक पडलाच तर अर्ध्या कपाएवढाही नसतो. गेल्या वर्षी माझा आकडा तीन पॉइंट बेचाळीस लिटर होता. घरातल्या माणसांचे वाढदिवस मी विसरते, हा आकडा झोपेतही सांगेन.

आणि माझी रेघ. श्वास सोडताना पडद्यावर जी रेघ उमटते ती प्रत्येकाची वेगळी असते. माझी सरळ वर चढते, मग निवांत खाली उतरते आणि अगदी संपता संपता एक बारीक अडखळा घेते. नऊ वर्षांची असताना मी पत्र्याच्या छपरावरून पडले होते. डावीकडची एक बरगडी वाकडी जुळली, तिची ही कृपा. काकांनी माझी पहिली रेघ बघितली तेव्हा चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हिच्या शेपटीत गाठ आहे! उत्तम. आता तू हरवलीस तरी सापडशील."

काका म्हणजे माझ्याआधीचे तंत्रज्ञ. सगळा दवाखाना त्यांना अजूनकाका म्हणायचा, कारण तीस वर्षं त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकावर हा एकच शब्द फेकला. दिवसभर लोकांना फुंका म्हणायचे आणि मधल्या सुट्टीत मागच्या जिन्यात जाऊन स्वतः सिगारेट फुंकायचे. मी टोकलं की म्हणायचे, "मी कंट्रोल आहे पोरी, मला काय होतंय!" कंट्रोल बदलायचा तर जुन्याने आणि नव्याने काही महिने बरोबरीने फुंकावं लागतं, म्हणजे जुना आकडा नव्याला जोडता येतो. सहा महिने आम्ही शेजारी शेजारी स्टुलांवर बसून एका तालात श्वास घेतला. "माझ्याबरोबर घे, माझ्याबरोबर सोड," ते सांगायचे. निवृत्तीच्या दिवशी ते शेवटचं फुंकले, नळी काढून टोपलीत टाकली आणि म्हणाले, "घे. आता तुझ्यावर."

ते काका गेल्या हिवाळ्यात चाकांच्या खुर्चीवरून माझ्या खोलीत आले.

मागे काकू होत्या, खुर्चीला ऑक्सिजनची बाटली लटकवलेली होती. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, छाती पिंपासारखी फुगलेली आणि मान काडीएवढी. सिगारेटने फुप्फुसांची चाळण केली होती. डाव्या फुप्फुसाचा वरचा कप्पा तर पार सैल पडला होता. त्यात हवा जायची आणि अडकून बसायची. फुगलेल्या त्या निकामी कप्प्याने शेजारच्या बऱ्या कप्प्याला दाबून धरलं होतं. अकरा महिने ते तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून खाली उतरले नव्हते.

पण त्यांचं खरं दुःख जिना नव्हता. "वाक्य... संपत नाही... पोरी," ते म्हणाले. "आणि ही... माझे विनोद... पूर्ण करते."

"मग काय करू?" काकू म्हणाल्या. "अर्ध्यावर सोडतात. समोरचा माणूस ताटकळत बसतो. सांगून टाकते."

"वाट... लावते," काकांनी दुरुस्ती केली.

खरंच लावायच्या. काकूंचा विनोद म्हणजे किराणा मालाची यादी. म्हणून काकांनी त्या अकरा महिन्यांत खुर्चीवर बसून एक नवा विनोद रचला होता आणि त्याचा शेवट कुणालाही सांगितला नव्हता, काकूंना तर नाहीच. लिहून द्या म्हटलं तर हात झटकायचे. विनोद लिहिला की त्याची नोटीस होते, हे त्यांचं मत. मला त्यांनी तो तिथेच सुरू करून दाखवला. एक पैलवान श्वास तपासायला येतो. फुंका म्हटलं, फुंकतो. काटा हलत नाही. अजून म्हटलं, लाल होतो. काटा हलत नाही. "मी म्हटलं... अजून..." आणि काकांचा श्वास संपला. काकूंनी तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी तळहात वर करून त्यांना थांबवलं. डोळे हसत होते. मी यंत्राकडे तोंड फिरवलं. मला रडू आलं होतं आणि ते त्यांना दिसायला नको होतं.

आमच्या डॉक्टरबाई वयाने लहान, पण हाताने पक्क्या. त्यांनी काकांना उपाय समजावला. शस्त्रक्रिया त्यांना झेपणार नव्हती. पण घशातून दुर्बिणीची नळी घालून त्या निकामी कप्प्याच्या वाटांवर बोटाच्या पेराएवढ्या झडपा बसवता येतात. झडप हवेला बाहेर सोडते, आत येऊ देत नाही. कप्पा हळूहळू रिकामा होऊन मिटतो आणि शेजारच्याला जागा मिळते. नाही जमलं तर झडपा काढताही येतात.

"बाहेर जा... आत येऊ नको," काका म्हणाले. "आमच्या शाळेचं... फाटक."

"फक्त एक अट आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कप्पा बंदिस्त हवा. शेजारून हवा झिरपत असेल तर पुढून झडपा लावून उपयोग नाही, मागून भरतच राहणार. ते आधी तपासायचं. झिरपतंय असं दिसलं तर मी झडपा लावणार नाही. आणि दुसरं काही माझ्याकडे नाही, काका. खोटं कशाला सांगू?"

काकांनी मान हलवली. त्यांनी स्वतः हजारो लोकांचे आकडे काढले होते, गोड बोलण्याची त्यांना गरज नव्हती.

त्या दिवशी मी त्यांना काचेच्या पेटीत बसवलं. टेलिफोनच्या जुन्या बूथसारखी ती पेटी आहे. दार घट्ट लावून आत माणसाने शांत श्वास घेत बसायचं, बाहेर आम्ही रेघ बघायची. काकांची रेघ उथळ आणि घाईची होती, मिनिटाला चोवीस. तापलेल्या प्लॅस्टिकचा वास, पंख्याची घरघर, काचेपलीकडे काकांचं टक्कल. मी एक सुस्कारा टाकला.

रेघेने सुस्कारा टाकला.

एकच. लांब, निवांत उतरणारा. त्यानंतर पुन्हा चोवीसची घाई. मी पेटीच्या दाराचं रबर चाचपलं, टेबलाला माझा गुडघा लागला होता का ते आठवून पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'दाराचं रबर बदलणे'. दुसऱ्या दिवशी बदललंही. आकडा वेडावाकडा आला तर कुणावर संशय घ्यायचा याचा क्रम काकांनीच मला घालून दिला होता. आधी यंत्र, मग पेशंट, आणि कंट्रोल सगळ्यात शेवटी.

तपासणी गुरुवारी सकाळी अकराला होती. खोलीत डॉक्टरबाई, सिस्टर आणि यंत्रापाशी मी, एवढेच होतो. काकांना औषधाने झोपवलं होतं, श्वास त्यांचा तेच घेत होते. झोपण्याआधी मला जवळ बोलावून म्हणाले, "रेघ... तू बघ. दुसऱ्या... कुणाला... देऊ नको."

दुर्बीण आत गेली. तिच्यातून एक बारीक नळी पुढे सरकली, तिच्या टोकाचा चिमुकला फुगा फुगला आणि कप्प्याचं तोंड बंद झालं. आता त्या कप्प्यातली हवा फक्त माझ्या यंत्रातून बाहेर पडू शकत होती, आत काहीच जाऊ शकत नव्हतं. प्रत्येक श्वासाला पडद्यावर एक नारिंगी उंचवटा उठणार होता. कप्पा बंदिस्त असेल तर उंचवटे खुजे होत होत काही मिनिटांत सपाट होतात. झिरपत असेल तर ते येतच राहतात.

ते येत राहिले. चार मिनिटं. सहा मिनिटं. उंची तसूभर कमी होईना.

"झिरपतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. आवाज पडला होता. "अजून दोन मिनिटं बघू."

माझा जीव टांगणीला लागला होता, पण नजर सवयीने काम करत होती. काकांची छाती वरखाली होताना मी मोजली. बावीस. पडद्यावरचे उंचवटे मोजले. तेरा.

पुन्हा मोजले. बावीस आणि तेरा.

शेजारच्या कप्प्यातून हवा झिरपली असती तर ती त्याच छातीच्या तालावर आली असती. त्या छातीला दुसरा ताल आणणार कुठून? मी पडदा मोठा केला. उंचवटा सरळ चढत होता, निवांत उतरत होता आणि संपता संपता बारीक अडखळत होता.

त्याच्या शेपटीत गाठ होती.

घाबरायला हवं होतं, हे मला आता कळतं. त्या क्षणी वाटलं ते निव्वळ कुतूहल, रबर तपासताना वाटतं तेवढंच. बसल्या जागी माझा श्वास मिनिटाला तेरा पडतो. सिग्नल कुठून येतो हे शोधायचं तर एकेक तार काढून बघायची असते. मी श्वास रोखला.

पडदा सपाट झाला.

सोडला. उंचवटा आला. पुन्हा रोखला. सपाट. दोन छोटे सोडले, दोन छोटे आले.

"हे काय मध्येच?" डॉक्टरबाई पडद्याकडे वळल्या. "थांबलं होतं ना आत्ता? ताई, नळी हलली का?"

"नाही," मी म्हटलं. त्या एका शब्दाचाही उंचवटा आला, टोकदार.

"नीट बघा. सलग मिनिटभर सपाट राहिलं तर मी बंद धरते. नाहीतर काढते दुर्बीण, उगाच त्यांना त्रास नको."

मी काय सांगणार होते? डॉक्टर, ही हवा माझी आहे? मला हाताला धरून बाहेर बसवलं असतं, दुर्बीण निघाली असती आणि काका खुर्चीवर बसून तिसऱ्या मजल्यावर परत गेले असते. तळहात वर करून थांबण्यासाठी.

माझ्या नोकरीत मी एकही आकडा खोटा लिहिलेला नाही. हाही खोटा नव्हता. पडदा जे दाखवत होता तेच मी दाखवणार होते.

मी श्वास पूर्ण आत घेतला आणि ओठ मिटले.

दहा. सिस्टरने ट्रे सरकवला.

वीस. डॉक्टरबाई वाकून बघत होत्या. पडदा सपाट.

तीस. कानात दडे बसले.

चाळीस. माझ्या कानात कुणीतरी अजून, अजून म्हणत होतं.

पन्नास. टेबलाची कड मी धरली होती, नखं पांढरी पडली होती. काकांची छाती आपल्या तालावर चालली होती. बावीस.

साठ.

"बंद आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कप्पा बंद आहे. सिस्टर, झडपा द्या."

त्यांनी फुगा सोडून यंत्राची नळी काढेपर्यंत मी आणखी सात आकडे मोजले. मग श्वास सोडला. पडदा तेव्हा काळा झालेला होता.

चार झडपा बसल्या. दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत डाव्या फुप्फुसाचा वरचा कप्पा मिटलेल्या छत्रीसारखा कडेला गेलेला होता. डॉक्टरबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी तो एक्स-रे लिफ्टमनलाही दाखवला. तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले तेव्हा काका काकूंवर ओरडत होते, "अगं, ती खिडकी उघडू नको म्हणून सकाळपासून सांगतोय, कबुतरं आत येऊन बसतात आणि मग मलाच सिस्टरची बोलणी खावी लागतात!" मी शब्द मोजले. एकोणीस, आणि मध्ये एकदाही थांबले नाहीत. काकू बोलणी खाऊनही हसत होत्या. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे खुर्चीत बसले. थोडा दमही लागला होता, जिन्याने आले होते.

पुढच्या सोमवारी माझा आकडा दोन पॉइंट शहाऐंशी आला.

मी तीनदा फुंकले. शहाऐंशी, पंच्याऐंशी, शहाऐंशी. यंत्र बिघडलं हे उघड होतं. सिरिंज लावली, तर तीन लिटरला बरोबर तीन दाखवलं. नळ्या बदलल्या. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच आलं तेव्हा कंपनीच्या इंजिनिअरला बोलावलं. त्याने यंत्राची आतडी टेबलावर काढली, पुन्हा भरली आणि स्वतः फुंकून बघितलं. "मॅडम, मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला आणि माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत निघून गेला. मी त्याच्यावर चिडले. यंत्र, मग पेशंट, कंट्रोल शेवटी. सबंध महिनाभर मी यंत्रालाच दोष देत राहिले. आमच्या धंद्यातल्या माणसाशिवाय इतका मूर्खपणा कुणी करणार नाही.

आकड्यापेक्षा रेघ वाईट होती. ती चढत होती, उतरत होती आणि शेवटाला गुळगुळीत संपत होती. वाकड्या बरगडीवरून मी बोट फिरवून पाहिलं. ती जागेवर होती.

सहा आठवड्यांनी काका तपासणीला आले. चालत. काकू बाटली घेऊन मागे, उगाच, सवयीने. तीन मजले स्वतः उतरल्याचं त्यांनी मला सांगितलं, लिफ्टमनला सांगितलं आणि रांगेतल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. मी त्यांना काचेच्या पेटीत बसवलं आणि दार लावलं.

रेघ सुंदर आली. सरळ चढण, निवांत उतार. शेपटीत गाठ.

मी श्वास रोखला. रेघ थांबली नाही. वीस आकडे मोजले, गाठ येतच राहिली, एकामागून एक. त्यापुढे मला रोखवेना. आता ती त्यांची होती.

काका बाहेर आले आणि जुन्या हक्काने कागद माझ्या हातातून काढून घेतला. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला. त्यांनी रेघेवरून बोट शेवटापर्यंत नेलं. काकू बाहेरच्या बाकावर कुणाशी तरी बोलत होत्या.

"ही गाठ कुणाची?"

"मशीनची असेल."

"मशीनला बरगड्या नसतात." त्यांनी हात पुढे केला. "सोमवारचं रजिस्टर दे."

मी दिलं. ते उभे राहूनच पानं उलटत गेले. एका पानावर बोट थांबलं.

"कधीपासून?"

"तुमच्या गुरुवारनंतरचा पहिला सोमवार."

"सिरिंज लावलीस?"

"लावली. तीन दाखवते. इंजिनिअरही येऊन गेला."

डॉक्टरबाईंचा अहवाल टेबलावर पडला होता. कप्पा किती मिटला ते त्यांनी नव्या स्कॅनवरून काढलं होतं. पाचशे साठ मिलिलिटर. काकांनी तो आकडा वाचला, रजिस्टरमधला वाचला, आणि तीन बेचाळीसमधून दोन शहाऐंशी त्यांनी तोंडी वजा केलेले मला त्यांच्या ओठांवर दिसले. रजिस्टर मिटून त्यांनी जागेवर ठेवलं.

"डॉक्टरबाईंना सांग, झडपा काढायच्या. आल्या त्याच वाटेने निघतात त्या."

"काका, तुम्ही तीन मजले उतरलात."

"पोरी, मी तुला आकडा दिला होता. तुझा मागितला नव्हता."

त्यांना वाचवलं याचा अभिमान होता, आणि त्यांनी मला पकडलं याची लाजही. मग मी म्हटलं, "आधी पैलवान सांगा. तो ऐकल्याशिवाय मी डॉक्टरबाईंकडे जाणार नाही."

तेवढ्यात काकू आत आल्या. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. सहा आठवड्यांत हा शेवट त्यांनी घरीही सांगितला नव्हता. म्हणाले, पहिला मान या खोलीचा.

ते पेटीला टेकून उभे राहिले आणि अकरा महिने दाबून ठेवलेला विनोद एका दमात सांगितला. पैलवान येतो. फुंकतो. काटा हलत नाही. अजून म्हटलं, लाल होतो. काटा हलत नाही. अजून म्हटलं, जांभळा होतो. काटा ढिम्म. "मी म्हटलं, अजून! अजून! आणि शेजारच्या खोलीतून सिस्टर किंचाळत आली, अहो, कोण फुंकतंय इकडे? माझ्या पेशंटच्या तोंडातून वारा सुटलाय, त्याची कवळी उडून पंख्यात अडकली!"

काकू डोळे पुसेपर्यंत हसल्या. "अहो, हे इतके दिवस पोटात ठेवलं होतंत?"

आम्ही दोघं हसलो नाही. काका माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. खुर्चीवर अकरा महिने बसून त्यांनी तो रचला तेव्हा झडपांचं नावही कुणी काढलेलं नव्हतं.

"काढायच्या," ते हळूच म्हणाले.

"बघू," मी म्हटलं. कागदावर मी 'उत्तम सुधारणा' असं लिहिलं, सही केली आणि त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं. त्यांनी लिफ्ट घेतली नाही. जिन्यावरून उतरत जाणारा त्यांचा आवाज मला बराच वेळ ऐकू येत होता, काकूंना पैलवान पहिल्यापासून सांगत चालले होते.

डॉक्टरबाईंकडे मी अजून गेलेली नाही. त्यांनी झडपा काढल्या तर गेलेलं मला परत मिळेलच असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? काकांचं गेलेलं दुखणं मात्र नक्की परत येईल. सोमवारचा आकडा आता दोन एकसष्ट आहे. यंत्र ठीक आहे.

काल दुपारी लेक टेबलावर वह्यांना कव्हर घालत बसली होती. काकांचा विनोद तिला सांगावा असं मनात आलं. पैलवान आला. फुंकला. काटा हलला नाही. अजून म्हटलं, लाल झाला. ती कात्री खाली ठेवून ऐकायला लागली. "मी म्हटलं... अजून..."

"मग?" लेक म्हणाली. "पुढे काय झालं?"

मी तळहात वर करून तिला थांबवलं आणि श्वास घ्यायला तोंड उघडलं.

हवा बाहेर गेली, आत आली नाही.